ठोकळा जागेवर नव्हता

सकाळी सव्वासहा वाजता शेततळ्याजवळच्या चढावर छोट्या ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. पाठीवर औषधाने काठोकाठ भरलेली टाकी होती. ट्रॅक्टर क्षणभर मागच्या चाकांवर उभा राहिला, डावीकडे कलला आणि चारीत आडवा झाला. ट्रॅक्टर चालवणारा झिपरू बाजूला उडी मारू शकला नाही. त्याचा डावा पाय मडगार्डखाली सापडला.

त्या वेळी मी तिथून हाकेच्या अंतरावर होतो. माझी जागा ट्रॅक्टरच्या नाकावर आहे. मी मात्र तळ्याच्या काठावर होतो.

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. जुना म्हणजे द्राक्षबागेचे सहा हंगाम पाहिलेला. बाहेरून लोखंडी पत्रा, आत लोखंडाचा चुरा आणि सिमेंट, मागच्या अंगाला एक जाड आकडा आणि खीळ घालण्यासाठी एक भोक. मला इंजिन नाही, चाक नाही, दिवा नाही. माझं काम एकच, जड असणं. तेही कुठेही नाही, ठरलेल्या जागी.

हे काम कशासाठी, ते आधी सांगतो. पाठीवर भरलेलं दप्तर घेऊन तुम्ही जिना चढता, तेव्हा आपोआप पुढे वाकता. नाही वाकलात तर मागे पडाल. ट्रॅक्टरला वाकता येत नाही. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर तर अंगाने लहान असतो, कारण त्याला वेलींच्या दोन ओळींमधून जायचं असतं. त्याच्या पाठीवर फवारणीची मोठी टाकी आणि औषध उडवणारा पंखा बसवला की मागची बाजू जड होते आणि पुढची हलकी. चढावर तर पुढची चाकं जमीन सोडू पाहतात. चाकांनी जमीन सोडली की हातातलं स्टेअरिंग नुसतं फिरतं, गाडी मात्र ऐकत नाही. म्हणून पुढे वजन टांगायचं. ते वजन म्हणजे मी.

माझा जन्म निफाडच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वर्कशॉप अब्बासभाईचं. तिथे मला बनवून घेणारे सावळीराम, म्हणजे तात्या. त्यांची गावाबाहेर द्राक्षबाग आहे. कंपनीकडून आलेलं वजन रुंद होतं. ओळीच्या टोकाला वळताना ते बागेच्या ताणाच्या तारांना अडकायचं. दोनदा तार तुटली, तेव्हा तात्या अब्बासभाईकडे आले.

"अरुंद पाहिजे आणि जड पाहिजे," तात्या म्हणाले.

"म्हणजे तुमच्यासारखं नको, माझ्यासारखं पाहिजे," अब्बासभाई म्हणाला. तो स्वतः बुटका आणि दणकट आहे. तात्या उंच आणि काडीसारखे. दोघंही हसले.

अब्बासभाईने पत्रे कापले, पेटी जोडली आणि भट्टीसमोर बसून आकडा वाकवला. मग त्याने मला नुसतं देऊन टाकलं नाही. ट्रॅक्टर चढावर उभा करायला लावला, टाकी पाण्याने भरली, आणि झिपरूला गाडी हळू पुढे घ्यायला सांगितली. मी नसताना पुढचं चाक हलकेच उचललं. अब्बासभाईने चाकाखालून आपली चप्पल सरकवून दाखवली. मग मला टांगून तीच चाचणी पुन्हा केली. चप्पल चाकाखाली अडकली ती ओढून निघेना.

"बघा तात्या," तो म्हणाला, "टाकी खाली असली तर हा काढला तरी चालतो. टाकी फुल असली का हा पाहिजेच. भूल गए तो गाडी घोडीसारखी उभी राहील."

"आता भुलतोय व्हय," तात्या म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. ती थाप मला आठवते.

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली. झिपरू हरसूलकडच्या डोंगरातला. बायको चिमणाबाईबरोबर तो छाटणीच्या कामाला आला होता. त्याचा हात यंत्रावर बसतो हे तात्यांनी ओळखलं आणि त्याला ट्रॅक्टर शिकवला. त्याच्या पाड्यावरचा तो पहिला ड्रायव्हर. गावी गेला की लोक त्याला नावाने हाक मारत नसत, "ओ डायवर" म्हणत. हे तो चिमणाबाईला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि ती म्हणायची, "ठावं हाय, ठावं हाय. घरातला हंडा उचलाया मात्र डायवर सापडत नाय."

झिपरू मला ठोकळेबुवा म्हणायचा. टाकी भरायला जाण्याआधी तो माझी खीळ हलवून बघायचा, आकड्याला ग्रीस लावायचा. पाहुणे आले की तात्या त्यांना मला दाखवायचे. "हा हाय म्हणून पोरगं निर्धास्त हाय," असं म्हणायचे. पोरगं म्हणजे झिपरू. स्वतःच्या मुलाला, ज्ञानेशला, ते कधी पोरगं म्हणत नसत, "साहेब" म्हणायचे, कारण तो सकाळी उशिरा उठतो.

खंडेनवमीला माझा मान मोठा. या घरात एक रीत आहे. जी वस्तू सुटी होते, ती सुटी करूनच पूजायची. कात्री, कोयता, फवारणीची बंदूक, नटबोल्टचे पाने आणि मी, सगळे ओट्यावर ओळीत. प्रत्येकाला वेगळं हळदकुंकू, वेगळं झेंडूचं फूल. आदल्या दिवशी झिपरू मला लाल ऑइलपेंट द्यायचा. पूजा झालेली वस्तू दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कामाला लावायची नाही. सोनं वाटून झालं की झिपरू आणि ज्ञानेश मला उचलून जागेवर टांगायचे. दरवर्षी असंच झालं.

यंदा तसं झालं नाही.

यंदा पावसाने काढता पाय घेतला नाही. हवेत ओल होती आणि माझा रंग वाळला नव्हता. चिमणाबाईने हळदकुंकू लावलं तेव्हा तिच्या बोटाला लाल रंग लागला. "बुवा अजून वला हाय," ती म्हणाली. दसऱ्याच्या संध्याकाळी वारा सुटला. शेततळ्यात अंथरलेला जाड काळा प्लॅस्टिकचा कागद एका कडेने उचकटला आणि फडफडायला लागला. तो फाटला असता तर तळ्याचं पाणी मातीत गेलं असतं. तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. ओट्यावर मी होतो.

"हा ठेवा त्याच्यावर. दोन दिसांचं काम हाय," ते म्हणाले.

झिपरू आणि ज्ञानेशने मला उचलून तळ्याच्या काठावर कागदाच्या कडेवर ठेवलं. कागद थांबला. मला वाईट वाटलं नाही. वजनाने वजनाचं काम करायचं. फक्त मला वाटलं होतं की माझं मूळ काम लोकांच्या लक्षात आहे.

दोन दिवस झाले, मग आणखी काही झाले. कागदाची कड पुन्हा मातीत पुरायची राहिली आणि मीही राहिलो. मग एका रात्री पाऊस झाला. छाटणीनंतर कोवळी पानं फुटलेली असताना असा पाऊस झाला की बागेत डावणी येते. डावणी म्हणजे बुरशी. ती एका दिवसात पानं खाते. अशा सकाळी गावात कोणी चहासाठीही थांबत नाही. ज्याच्याकडे टाकी आहे तो टाकी भरतो.

तात्या आणि झिपरू तळ्याजवळ औषध कालवत होते. मी वर काठावर होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं. जे ऐकलं ते तसंच सांगतो.

"तात्या, ठोकळेबुवा वरच हाय."

"असू दे. ढग बघ आधी."

"मंग टाकी अर्धीच भरू का? दोन खेपा मारतो."

"दोन खेपा मारस्तोवर पाऊस आला म्हंजे? एक टाकी मारून ये. तवर मी साहेबाला उठवतो आन् ठोकळा खाली आणतो."

"चढ वला हाय, तात्या."

"आरं, तू कवापासून घाबराया लागला? डायवर हायेस का पाव्हणा?"

झिपरू हसला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सीटवर बसला आणि गिअर टाकला.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मला हलता येत नाही. हलता येत नाही याचाच मला आजवर अभिमान होता. त्या क्षणी तो राहिला नाही. माझ्याखाली कागदाची एक कड होती, आणि समोर झिपरू "तात्या, तात्या" असं ओरडत होता.

तात्या धावले. हे नोंदवलं पाहिजे. शेजारच्या बागेतले लोक येण्याआधी त्यांनी एकट्याने पहार लावून मडगार्ड उचलायचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांचा हात सोलवटला. लोक आल्यावर झिपरूला बाहेर काढलं. तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्याच गाडीतून त्याला नाशिकला नेलं. गाडी निघताना ते रडत होते.

दुपारी ते परत आले तेव्हा रडत नव्हते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने आडवा ट्रॅक्टर ओढून उभा केला होता. नाक चेपलं होतं, मला टांगायची चौकट वाकली होती. शेजारी गेल्यावर ज्ञानेश म्हणाला, "तात्या, विम्याचा माणूस पहिल्यांदा विचारणार, पुढचं वजन कुठंय. पोलीसपण विचारतील. वजन नव्हतं म्हटलं की चूक मालकाची धरतात."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात. मी विचारलं दोघातिघांना."

तात्यांनी एकदा चढाकडे पाहिलं. मग ते तळ्याच्या काठावर आले. मला वाटलं, आता तरी ते माझ्याकडे बघून काही बोलतील. त्यांनी एका बाजूने मला धरलं, ज्ञानेशने दुसऱ्या बाजूने. ओला असतानाच ठेवल्यामुळे माझा रंग कागदाला चिकटून वाळला होता. दोघांनी हिसका दिला तेव्हा कागदाचा वरचा पापुद्रा माझ्या पोटाला चिकटून आला, आणि माझ्या पोटाचा लाल चौकोन कागदावर राहिला. घाईत दोघांनीही ते पाहिलं नाही.

त्यांनी मला वाकलेल्या चौकटीत टांगलं. खीळ जाईना. तात्यांनी ती हातोडीने ठोकली. ज्या हाताने पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावर थाप मारली होती, तोच हात. दोन घाव चुकले. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने माझ्यावरची माती पुसली आणि ज्ञानेशने मोबाइलवर फोटो काढला.

"असंच होतं हे," तात्या म्हणाले. ज्ञानेशला सांगत होते की स्वतःला, ते मला कळलं नाही. "असंच होतं. त्यानं क्लच झटक्यात सोडला."

मित्रांनो, मी पडून राहिलो असतो तर मला चाललं असतं. माणसं वस्तू विसरतात. कोपऱ्यात टाकतात, गंजू देतात, भंगारात घालतात. मी त्याची तयारी ठेवली होती. पण मला साक्षीला उभं केलं जाईल, आणि तेही खोट्या, याची तयारी माझी नव्हती. त्या फोटोचा अर्थ असा, की ठोकळा जागेवर होता आणि तरीही गाडी उलटली. म्हणजे ठोकळा कुचकामी, नाहीतर ड्रायव्हर बेफिकीर. ज्यांनी मला घडवून घेतलं आणि झिपरूला घडवलं, त्यांनी एका फोटोत आम्हा दोघांनाही नालायक ठरवलं.

यानंतर दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. चिमणाबाईने सांगितलं ते ऐकलं, तेवढंच देतो. झिपरूचं ऑपरेशन झालं. पायात सळई घातली आहे. जबाब घ्यायला एक पोलीस आला होता.

काल चिमणाबाई कपडे आणि भांडी न्यायला मळ्यावर आली. त्याच वेळी अब्बासभाई ट्रॅक्टरपाशी होता. चौकट सरळ करायला तात्यांनी त्याला बोलावलं होतं. येताना लाल ऑइलपेंटचा डबाही आणायला सांगितला होता. "विम्याचा साहेब उद्या येतोय बघायला. ठोकळ्याला वरून एक हात मार, लय कळकट दिसतोय," असं तात्या म्हणाले होते.

अब्बासभाईने खीळ काढली, मला खाली घेतलं आणि चौकट तपासण्याआधी मला उताणा केला. माझ्या पोटावर काळा पापुद्रा होता. त्याने त्यावर अंगठा फिरवला. मग माझ्या चारही कडा बघितल्या. ट्रॅक्टरचं नाक चेपलं होतं, माझ्यावर एक ओरखडा नव्हता. त्याने मान वर केली आणि हळूहळू तळ्याच्या काठाकडे नेली.

"तात्या," तो म्हणाला, "हा लावेल होता ना?"

"होता म्हणजे. फोटो हाय."

"फोटो मी बघितला. मी तुम्हाला विचारतोय."

तात्यांनी चौकटीकडे नजर वळवली. मग म्हणाले, "तुझं नाव मी कुठं खराब करत नाय, अब्बासभाई. ठोकळा कमी पडला, असं माझ्या तोंडून जाणार नाय. ड्रायव्हरचा झटका बसला, एवढंच. गावात किती जणांना मी तुझ्याकडं धाडलं, ते तुला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे. या गावातले सगळे ठोकळे माझेच आहेत. उद्या सगळे विचारतील, अब्बास, तुझा ठोकळा असून गाडी कशी उलटली?"

"सांग की, ड्रायव्हर कच्चा होता."

"कच्चा?" चिमणाबाई मागे उभी होती. हातात पातेली होती. "तात्या, कच्च्या डायवरला सहा वरीस गाडी दिली व्हय तुम्ही?"

तात्या तिच्याकडे वळले नाहीत. "तू दवाखान्यात जा, बाई. तिथं लागेल ते मी बघतोय ना?"

"बघताय. त्याला नाय कोन म्हनत नाय. फळं धाडली, गाडी धाडली. पन पोलिसानं यांना विचारलं, वजन लावेल व्हतं का. यांनी सांगितलं, नव्हतं. तं तो म्हनला, मालकानं फोटो दाखवला, त्याच्यात हाय. यांनी माझ्याकडं पाहिलं, तात्या. म्हनले, तात्या असं नाय करनार, तो फोटो जुना असल. जुना हाय का तो?"

ज्ञानेश मोबाइलमध्ये बघत होता.

"पाय बसल तसा बसल," चिमणाबाई म्हणाली. "पन गावी आता त्यांना डायवर कोन म्हनल? कोन गाडी दील?" मग ती अब्बासभाईकडे वळली. "भाई, हा तुम्ही बनवला. याला मी हळदकुंकू लावलं, तवा हा वट्यावर व्हता. मंग तळ्यावर नेला. मी सांगते तं म्हनत्यात बाई नवऱ्याचीच बाजू घेनार. तुम्ही सांगा."

अब्बासभाई माझ्याजवळ उकिडवा बसला. "ताई, तू जा. झिपरूला सलाम सांग," एवढंच म्हणाला. ती पातेली घेऊन रस्त्याला लागली. जाताना तिने वाकून माझ्या कडेला हात लावला. पूजेच्या वेळी लावते तसाच.

मित्रांनो, मला तुमच्याशी एकच बोलायचं आहे. आमची पूजा करा, नका करू. रंग द्या, नका देऊ. पण ज्याचं काम दिसत नाही त्याला आधी त्याच्या जागेवर लावा, मग गाडी सुरू करा. घाई असेल तेव्हा तर नक्की लावा, कारण अपघात घाईचीच वाट बघत असतो. आणि समजा नाही लावलं, समजा काही वाईट झालं, तर नव्हतं लावलं असं सांगा. त्या सकाळी तात्यांनी तसं सांगितलं असतं, तर ते फक्त चुकलेले मालक ठरले असते, खोटे नाही. झिपरूने त्यांना माफ केलं असतं. मी त्याला ओळखतो, त्याने माफ केलंच असतं.

आज दुपारपर्यंतची माहिती अशी आहे. विम्याचे साहेब नाशिकहून निघाल्याचा फोन आला आहे. ज्ञानेश तळ्याच्या काठावर बसून डिझेलच्या फडक्याने कागदावरचा लाल चौकोन पुसतो आहे. अर्धा पुसला गेला आहे, अर्धा दिसतो आहे. तात्या ओट्यावर बसले आहेत, नजर रस्त्याकडे. वाकलेली चौकट सरळ झाली आहे. मी ट्रॅक्टरसमोर उताणा आहे, काळा पापुद्रा वर आहे; रंगाचा एक हात मारला की तो झाकला जाईल. अब्बासभाई माझ्याशेजारी बसला आहे. ब्रश त्याच्या हातात आहे. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.